चौदाव्या राउंडनंतर

खडकीतल्या आमच्या बॉक्सिंगच्या हॉलमध्ये भिंतीवर दोनच तसबिरी होत्या. एक मारुतीची. दुसरी एका काळ्या, रुंद खांद्यांच्या, घामानं निथळणाऱ्या माणसाची. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ पडायची. त्या माणसाला कधी हार पडला नाही. पण आमचे उस्ताद रोज पहाटे हॉल उघडला की आधी दोन्ही काचा एकाच फडक्यानं पुसायचे, मग दिवा लावायचे आणि मगच आम्हाला दोरीच्या उड्या मारायला सांगायचे.

१९८८ साल. मी नववीत होतो. पहिल्याच दिवशी त्या फोटोकडे बोट दाखवून मी म्हणालो, "हा मोहम्मद अली ना?" बॉक्सिंगमधलं तेवढंच एक नाव मला ठाऊक होतं. उस्ताद एका मुलाच्या हाताला पट्टी बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही. "अली नाही. अलीला पाडला तो. जो फ्रेझर. नाव नीट घे."

उस्ताद बॉम्बे सॅपर्समधून निवृत्त झालेले. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, तेच आम्ही उचललं. त्यांचं खरं नाव आमच्यातल्या निम्म्या पोरांना अखेरपर्यंत माहीत नव्हतं. तो फोटो त्यांना जुन्या बाजारात मिळाला होता. एका रविवारी रद्दीच्या ढिगात एक अमेरिकन मासिक सापडलं, ते त्यांनी आठ आण्याला घेतलं आणि त्यातलं पान फ्रेम करून आणलं. पानाच्या घडीची पांढरी रेघ फ्रेझरच्या बरोबर डाव्या खांद्यावरून खाली उतरायची. पुष्कळ दिवस मला तो जुन्या जखमेचा व्रण वाटायचा.

व्रण नव्हता, पण तो डावा हात खरोखरच मोडका होता.

जो फ्रेझर १२ जानेवारी १९४४ ला अमेरिकेच्या दक्षिणेत, साउथ कॅरोलिनातल्या ब्यूफर्ट गावाजवळ जन्मला. आईबापाचं बारावं मूल. घरची थोडी नापीक शेती, बाकी दुसऱ्यांच्या शेतावर राबायचं. बापाचा डावा हात गोळी लागून निकामी झालेला, कोपराखालून कापलेला. त्यामुळे शेतात बापाला जे डाव्या हातानं धरायचं असे ते लहानगा जो धरायचा. असा हा पोर बापाचा डावा हात होऊन वाढला आणि मग त्याचा स्वतःचाच डावा हात गेला. घरच्या एका मोठ्या डुकराला त्यानं काठीनं डिवचलं, कुंपणाचं दार उघडं राहिलं होतं, डुक्कर मागं लागलं आणि पळता पळता जो विटेवर आपटला. डॉक्टरला द्यायला पैसे नव्हते. हाड आपोआप जसं जुळलं तसं जुळलं. हात पुन्हा कधी पूर्ण सरळ झाला नाही. कोपरात वाकलेलाच राहिला.

उस्ताद ही गोष्ट सांगताना आपला डावा हात कोपरात वाकवून पुढं धरायचे आणि म्हणायचे, "हा बघ. असाच राहिला. आता हुक मारताना हात कसा धरतात?" आम्ही सगळे आपापले डावे हात वाकवायचो. तोच कोन.

ज्यांनी बॉक्सिंग केलेलं नाही त्यांना वाटतं ठोसा हातानं मारतात. हुक म्हणजे वाकवलेल्या हातानं बाजूनं मारायचा ठोसा. तो नुसत्या हातानं मारला तर थाप बसते, एवढंच. डाव्या पायाचा चवडा आत फिरतो, त्याच्यामागं गुडघा, मग कंबर, मग खांदा, आणि मूठ सगळ्यात शेवटी, दाराच्या फळीबरोबर कडी यावी तशी येते. हात फक्त वाकलेला आणि घट्ट राहिला पाहिजे. फ्रेझरला तो घट्ट ठेवावा लागतच नव्हता. देवानं, डुकरानं आणि गरिबीनं मिळून तो तसा करून ठेवला होता.

फ्रेझरच्या घरात काळापांढरा टीव्ही होता. त्यावर बॉक्सिंग लागलं की आसपासचे नातलग जमायचे. त्या आठ-नऊ वर्षांच्या थोराड पोराकडे बघून एक काका म्हणाला, हा दुसरा जो लुई होणार. जो लुई म्हणजे आधीच्या पिढीतला गाजलेला काळा जगज्जेता. दुसऱ्या दिवशी जोनं तागाच्या पोत्यात चिंध्या, मक्याची बुरकुंडं, झाडावर लोंबणारं शेवाळ भरलं, मधोमध एक वीट घातली आणि ते पोतं ओकच्या झाडाला टांगलं. पुढं कित्येक वर्षं रोज तासभर तो त्याला ठोकत होता. आमच्या हॉलमधल्या पंचिंग बॅगेत आम्ही जुन्या गोधड्यांचे तुकडे आणि लाकडाचा भुसा भरत असू. खाली भुसा बसला की बॅग तळाशी दगडासारखी व्हायची. एकदा मी कुरकुर केली, तेव्हा उस्तादांनी विटेची गोष्ट सांगितली. त्यानंतर बॅगेबद्दल कुणी तक्रार केली नाही.

आमच्या घरी बॉक्सिंग मारामारीच्या खात्यात जमा होतं. वडील दारूगोळा कारखान्यात कामाला. तरुणपणी तालमीत घुमलेले, दोन्ही कान कुस्तीनं मोडलेले, पंचमीच्या मैदानात नारळावरच्या कुस्तीपासून सुरुवात केलेले. त्यांचं एकच म्हणणं असे, "कुस्तीत माणसाची पाठ लावतात आणि उठवून मिठी मारतात. तुमच्यात डोक्यावर मारतात. डोकं ही काय मारायची जागा आहे?"

या प्रश्नाचं चोख उत्तर मला पस्तीस वर्षांत देता आलेलं नाही. मी आजही रोज पहाटे हॉलवर जातो, मुलांना शिकवतो, आणि तरीही वडिलांचा प्रश्न बरोबर होता असंच मला वाटतं. कदाचित म्हणूनच मला अलीपेक्षा फ्रेझर जवळचा आहे. त्याच्या आयुष्यात या प्रश्नाला कुणीतरी एकदा, एका विशिष्ट मिनिटाला, उत्तर दिलं होतं. त्याबद्दल पुढं सांगतो.

पहाटे पाचला होळकर पुलापर्यंत पळत जायचं आणि परत यायचं. थंडीत मुळेवर धुकं असायचं आणि पुलाच्या कमानी अर्ध्याच दिसायच्या. आलं की भिजवलेले हरभरे, दोन केळी आणि मग दोरी. ही दोरी उड्यांची नव्हे. उस्ताद हॉलच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत छातीच्या उंचीवर सुंभाची दोरी बांधायचे. तिच्याखालून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, गुडघ्यात वाकून डोकं काढत पुढं जायचं. मागं सरकायचं नाही. दोरीला केस लागला तर पुन्हा पहिल्यापासून. फ्रेझर असाच लढायचा. उंची सहा फुटांच्या आतली, हात आखूड. हेवीवेटमध्ये, म्हणजे सगळ्यात जड वजनाच्या गटात, समोरचा बहुधा त्याच्यापेक्षा उंच. लांबून मारामारी केली तर मरण. तेव्हा वाकत, डोलत, समोरच्याच्या ठोशांखालून आत शिरायचं आणि आत गेल्यावर डावा हुक. आत शिरायची किंमत म्हणून प्रत्येक वेळी दोन-तीन ठोसे खायचे. त्याचा गुरू यँक डरहॅम त्याला म्हणायचा, ग्लोव्हजमधून धूर निघाला पाहिजे. त्यावरूनच त्याला 'स्मोकिन जो' नाव पडलं.

पंधराव्या-सोळाव्या वर्षी त्याला गाव सोडावं लागलं. शेतमालकानं एका लहान काळ्या मुलाला पट्ट्यानं झोडपलं होतं आणि जोनं ते चारचौघांत सांगितलं. मालक त्याच्यावरही पट्टा घेऊन आला, तेव्हा जोनं त्याला सुनावलं, की तो पट्टा पँट सावरायला ठेव. त्या काळच्या दक्षिणेत असं बोलून गावात राहणं शक्य नव्हतं. आईनंच सांगितलं, जा. बसनं उत्तरेला न्यूयॉर्क, तिथून फिलाडेल्फिया, आणि तिथं कत्तलखान्यात नोकरी. थंडगार खोलीत टांगलेल्या जनावरांच्या धडांवर तो ठोसे मारायचा. पुढं ही गोष्ट सिनेमावाल्यांनी उचलली आणि जगभर गाजवली. फ्रेझरच्या नावानं मात्र नाही.

१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकसाठी त्याची निवड झालीच नव्हती. चाचणीत बस्टर मॅथिसनं त्याला हरवलं होतं. मॅथिसचा अंगठा दुखावला म्हणून राखीव फ्रेझर टोकियोला गेला. उपांत्य फेरीत त्याचा स्वतःचा डावा अंगठा मोडला. त्यानं कुणाला सांगितलं नाही. अंतिम लढतीत जर्मनीच्या हान्स हूबरविरुद्ध मोडक्या अंगठ्यानं तो ३-२ नं जिंकला. अमेरिकेला त्या वर्षी बॉक्सिंगमध्ये मिळालेलं ते एकच सुवर्ण. परत आल्यावर हात प्लास्टरमध्ये, त्यामुळे कत्तलखान्यातलं कामही गेलं.

आणखी एक गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती. त्याला डाव्या डोळ्यानं जवळपास दिसत नव्हतं. सरावात इजा झाली, त्यावर मोतीबिंदू वाढला, आणि वैद्यकीय तपासणीत तो हे लपवत राहिला. आत्मचरित्रात त्यानं ते स्वतःच सांगितलं आहे. म्हणजे १९७० साली जिमी एलिसला हरवून तो निर्विवाद जगज्जेता झाला तो एका डोळ्यावर. अलीशी तिन्ही वेळा लढला तेही एका डोळ्यावर.

८ मार्च १९७१. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. व्हिएतनाम युद्धासाठी लष्करात जायला नकार दिला म्हणून अलीचं विजेतेपद काढून घेतलेलं आणि साडेतीन वर्षं त्याला रिंगमध्ये उतरू दिलेलं नव्हतं. तो नुकताच परतला होता. दोघेही तोवर अजिंक्य. दोघांनाही प्रत्येकी २५ लाख डॉलर, तेव्हाच्या हिशेबानं कुणी ऐकली नव्हती अशी रक्कम. पंधराव्या म्हणजे शेवटच्या राउंडमध्ये फ्रेझर खालून वर आला आणि डावा हुक अलीच्या जबड्यावर बसला. अली सरळ पाठीवर पडला, पाय हवेत. चार-पाच सेकंदांत तो उठला, आणि तो कसा उठला हे मला आजही समजत नाही. फ्रेझर गुणांवर जिंकला. उस्तादांच्या फोटोत हाच क्षण होता. अली चौकटीच्या बाहेर राहिलेला, फक्त त्याच्या पांढऱ्या बुटाचं टोक कोपऱ्यात दिसायचं. जिंकणाऱ्याला पुढं काही आठवडे रुग्णालयात काढावे लागले.

मी अलीला मानतो. त्यानं सरकारपुढं मान तुकवली नाही, कमाईची उमेदीची वर्षं घालवली, आणि त्याच १९७१ साली सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. पण फ्रेझरशी तो जे वागला ते मला आजही सहन होत नाही. बंदीच्या काळात अलीला परवाना परत मिळावा म्हणून फ्रेझरनं शब्द टाकला होता, अडचणीत पैसे दिले होते. त्या माणसाला अली जाहीरपणे गोऱ्यांचा गुलाम म्हणाला, कुरूप म्हणाला, गोरिला म्हणाला. पत्रकारांपुढं रबरी गोरिला काढून त्याला ठोसे मारून दाखवले. शेतमालकाच्या पट्ट्यापुढं न झुकलेल्या, कत्तलखान्यात राबलेल्या काळ्या माणसाला गोऱ्यांचा गुलाम! फ्रेझरची मुलं शाळेत चिडवली गेली. तिकिटं खपावीत म्हणून हे चाललं होतं असं अलीचे चाहते म्हणतात. असेल. घाव ज्याला बसला त्याला तिकिटांचा हिशेब काय कामाचा?

उस्तादांना यावर हवा सिंग आठवायचे. फौजेतल्या स्पर्धांमध्ये त्यांनी हवा सिंगना लढताना पाहिलं होतं. लागोपाठ ११ वेळा हेवीवेटचे राष्ट्रीय विजेते, १९६६ आणि १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धांमध्ये दोन सुवर्णपदकं. भिवानीत त्यांनी मुलं घडवली. द्रोणाचार्य पुरस्कार जाहीर झाला आणि तो हातात पडण्याआधीच, ऑगस्ट २००० मध्ये ते गेले. उस्ताद म्हणायचे, "पुण्यात रस्त्यावर दहा जणांना विचार हवा सिंग कोण. मग अली कोण ते विचार."

आता माझ्या फाइटचं सांगतो.

डिसेंबर १९९३. राज्य संघाची निवड चाचणी, ६३.५ किलोचा गट, तीन-तीन मिनिटांचे तीन राउंड. मी एकोणीस वर्षांचा. समोर फौजेतला एक मुलगा, डावखुरा, माझ्यापेक्षा चार बोटं उंच. पहिला राउंड बरोबरीचा गेला असावा. दुसऱ्यात मी वाकून आत शिरलो, हुक बरगडीत बसला, तो हलला, आणि मी हावरटासारखा पुन्हा त्याच वाटेनं आत गेलो. त्याचा डावा सरळ हात कानशिलावर बसला. आवाज बाहेरून आलाच नाही, डोक्याच्या आत कुणीतरी दार आपटल्यासारखं झालं. रेफ्रीनं आठपर्यंत मोजलं. मी मान हलवली, ग्लोव्हज वर धरले, राउंड संपेपर्यंत उभा राहिलो. घंटा झाली. कोपऱ्यात आलो, स्टुलावर बसलो. उस्ताद माझे सेकंड होते, म्हणजे कोपऱ्यात मला सांभाळणारे. त्यांनी दातांवरची गमशील्ड काढली, माझ्या तोंडाकडे बघितलं. पाणी दिलं नाही. खांद्यावरचा टॉवेल काढला आणि रिंगमध्ये टाकला, म्हणजे माझ्या वतीनं हार मानली.

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. वडिलांच्या वयाच्या माणसाला मी शंभर लोकांसमोर नको ते बोललो. ते ग्लोव्हजच्या नाड्या सोडत राहिले.

रात्री उलट्या सुरू झाल्या. वडिलांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, दोन दिवस ठेवून घेतलं. डोक्याला मार आहे, सहा महिने रिंगचं नाव काढू नका, असं डॉक्टर म्हणाले. एवढं झाल्यावर तरी मला कळायला हवं होतं. नाही कळलं. तिसऱ्या राउंडमध्ये मी जिंकलो असतो हे माझ्या मनात इतकं पक्कं बसलं होतं, की मी हॉलवर जाणंच बंद केलं. पुढं नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. खडकी बाजारात उस्ताद समोरून येताना दिसले की मी दुसऱ्या फुटपाथला जायचो. एकदा ते थांबले होते, मला आठवतंय, हातात भाजीची पिशवी होती. मी थांबलो नाही.

अली आणि फ्रेझरची फिलिपिन्समधल्या मनिलाची लढत मी पहिल्यांदा पूर्ण पाहिली ती पुष्कळ वर्षांनी, कॉम्प्युटरवर, घरातले झोपल्यावर. १ ऑक्टोबर १९७५, सकाळी पावणेअकरा. अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या सोयीसाठी सकाळची वेळ. पत्र्यासारखी तापलेली बंदिस्त जागा, हजारो माणसं, वर टीव्हीचे दिवे. दोघांची ही तिसरी लढत; मधली १९७४ ची अलीनं गुणांवर जिंकली होती. त्याआधी किंग्स्टनमध्ये जॉर्ज फोरमननं दोन राउंडमध्ये फ्रेझरला सहा वेळा खाली पाडलं होतं. सहाही वेळा तो उठला. विजेतेपद गेलं, पण तो उठला.

मनिलात पहिले काही राउंड अलीचे होते. मग मधले राउंड फ्रेझरनं घेतले. अलीच्या बरगड्यांवर, कंबरेवर, दंडावर असे काही हुक टाकले की मी खुर्चीत बसल्या जागी कोपरं आवळत होतो. बाराव्यापासून पारडं फिरलं. तेराव्यात अलीच्या ठोशानं फ्रेझरचं गमशील्ड उडून प्रेक्षकांत गेलं. चौदाव्यात फ्रेझरचा उजवा डोळा सुजून बंद झाला होता, आणि डाव्यानं त्याला दिसत नव्हतंच. अलीचे उजव्या हाताचे ठोसे येत होते आणि त्याला ते दिसत नव्हते. तरी तो पुढंच जात होता, दोरीखालून जावं तसा, डावी-उजवीकडे वाकत. मागं सरकायचं नाही. मी स्क्रीनपुढं एकटा होतो आणि तोंडातून निघून गेलं, "बस कर रे."

चौदावा राउंड संपला. एकच राउंड उरला होता. फ्रेझरच्या कोपऱ्यात होता एडी फच, चौसष्ट वर्षांचा. तरुणपणी तो डेट्रॉइटमध्ये जो लुईबरोबर सराव करायचा. हृदयाच्या दोषामुळे स्वतः व्यावसायिक होऊ शकला नाही आणि मग त्यानं आयुष्य दुसऱ्यांच्या कोपऱ्यात उभं राहण्यात घालवलं. रिंगमध्ये मार खाऊन माणसं मेलेली त्यानं पाहिली होती. डरहॅम १९७३ मध्ये गेल्यापासून फ्रेझर त्याच्या हाताखाली होता. फच म्हणाला, आता थांबवतोय. फ्रेझर उठायला लागला, मला लढायचंय म्हणाला. फचनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, बस पोरा, झालं. आज इथं तू जे केलंस ते कुणी विसरणार नाही.

पलीकडच्या कोपऱ्यात अली उभा राहिला, एक हात वर केला आणि खाली कोसळला. मरणाच्या इतक्या जवळ आपण कधी गेलो नव्हतो, असं तो नंतर म्हणाला. तीन मिनिटं फ्रेझर उभा राहिला असता तर? हा प्रश्न पन्नास वर्षं लोक विचारत आलेत. मी त्या रात्री तो विचारला नाही. मी ते शेवटचं मिनिट पाच-सहा वेळा मागं नेऊन पाहिलं. फ्रेझरकडे नाही, अलीकडेही नाही. फचच्या हाताकडे. खांद्यावर ठेवलेला हात. दाबलेला नाही, नुसता ठेवलेला.

तरीसुद्धा मी उस्तादांकडे गेलो नाही. हे लिहिताना लाज वाटते.

८ नोव्हेंबर २०११ च्या सकाळी बातमी आली. फिलाडेल्फियात फ्रेझर गेला, यकृताच्या कर्करोगानं, ६७ व्या वर्षी. शेवटची कितीतरी वर्षं तो तिथल्या नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवरच्या आपल्या जिमच्या माळ्यावर राहायचा आणि खाली पोरांना शिकवायचा. ते जिमही २००८ मध्ये बंद पडलं. त्याच शहरात सिनेमातल्या एका काल्पनिक बॉक्सरचा पुतळा १९८० च्या दशकापासून उभा होता. फ्रेझरचा पुतळा उभा राहायला २०१५ साल उजाडलं. अंत्ययात्रेला अली आला होता, पार्किन्सननं थरथरणारा, काळा चष्मा लावून. सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवा असं सांगितलं गेलं, तेव्हा तो उठला आणि टाळ्या वाजवत राहिला.

बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर घेऊन उस्तादांच्या घरी गेलो. अठरा वर्षांनी. काकूंनी दार उघडलं, मला ओळखलं आणि काहीच न बोलता चहा टाकायला आत गेल्या. उस्ताद खिडकीपाशी बसले होते. खूप वाळले होते. मी पेपर पुढं केला. ते म्हणाले, "वाचून दाखव, अक्षर बारीक आहे." मी वाचला. संपल्यावर ते बराच वेळ डाव्या हाताची बोटं मिटत-उघडत राहिले.

मग मी विचारलं. "उस्ताद, त्या दिवशी टॉवेल टाकलात तेव्हा फच आठवला होता का?"

"नाही. काहीच आठवलं नाही. टॉवेल ओला होता, जड लागला, तेवढं आठवतं."

"मग का टाकला? मी उभा होतो. मी बोलत होतो."

ते माझ्याकडे वळले. "तू कोपऱ्यात आलास. बसायच्या आधी हात मागं नेलास आणि स्टूल चाचपलंस. पहिल्या राउंडनंतर नव्हतं चाचपलंस. स्टूल तिथंच होतं, जागचं हललं नव्हतं."

मला ते आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. ज्या गोष्टीवर माझी अठरा वर्षं गेली, ती माझ्याच हातून घडली होती आणि फक्त त्यांनी पाहिली होती.

"मी शिव्या दिल्या तुम्हाला," मी म्हणालो.

"दिल्यास. मला बरं वाटलं. शिव्या नीट जोडून देत होतास, म्हणजे डोकं चालू होतं." मग काकूंना हाक मारून म्हणाले, "याला खारी पण दे गं."

त्या आठवड्यापासून मी पुन्हा हॉलवर जायला लागलो. २०१७ साली उस्ताद गेले तोपर्यंत रविवारी मी त्यांना सगळं सांगायला जायचो, कोण कसा वाकतो, कुणाचा चवडा फिरत नाही. वडिलांनाही मी स्टुलाची गोष्ट सांगितली होती. ते बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले, "वस्ताद चांगला मिळाला होता तुला." बॉक्सिंगबद्दलचं मत त्यांनी बदललं नाही.

गेल्या महिन्यात आमची दापोडीची एक मुलगी, सतरा वर्षांची, जिल्हा स्पर्धेत लढत होती. मी सेकंड. दुसऱ्या राउंडमध्ये तिला दोन जोरदार ठोसे बसले, नाकातून रक्त आलं. घंटा झाली. मी स्टूल आत सरकवलं आणि तिच्या तोंडाकडे बघितलं नाही, हातांकडे बघत राहिलो. ती आली, गर्रकन वळली आणि धपकन बसली. दोन्ही हात मांडीवर. मी तिची गमशील्ड काढून धुतली, नाकाला गार पाण्याचा बोळा लावला.

"सर, माझा हुक लागतोय का?"

"लागतोय. पण हातानंच मारतेयस. चवडा फिरव."